पोस्टरवर १२४५०एच, लॅपटॉपमध्ये १२३५यू

प्रश्न: मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासाठी आम्ही जेल रोडवरच्या एका दुकानातून ६२,००० रुपयांना लॅपटॉप घेतला. दुकानदारानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या पोस्टरवर 'कोअर आय५-१२४५०एच, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी' असं होतं. घरी आल्यावर मुलीच्या मित्रानं बघितलं, तर प्रोसेसर आय५-१२३५यू निघाला आणि रॅम ८ जीबी. डिस्कही ५१२ ऐवजी ४७६ च दाखवते. थ्रीडीचं काम सुरू केलं की लॅपटॉप अगदी संथ होतो. दुकानदार म्हणतो, "आय-फाइव्ह ट्वेल्थ जेन ही तो है मॅडम, रॅम की एक स्टिक मैं लगा देता हूँ." परत घ्या म्हटलं तर सील तुटल्याचं कारण सांगतो. बिलावर 'बिका हुआ माल वापस नहीं होगा' असं छापलंय आणि आत फक्त 'लॅपटॉप आय५' आणि सिरियल नंबर आहे. बिल यजमानांच्या फर्मच्या जीएसटी नंबरवर घेतलंय, फायदा होईल असं दुकानदारच म्हणाला होता. बाकी पैसे कार्डाच्या हप्त्यांत जाताहेत. खरेदीला २२ दिवस झालेत. काही होऊ शकेल का?
– एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: ताई, होऊ शकेल. पण तुमच्या पत्रातल्या चार तक्रारींपैकी दोनच पुढे न्यायच्या आहेत. प्रोसेसर आणि रॅम या दोन पक्क्या. डिस्कची तक्रार सोडून द्या. आणि लॅपटॉप संथ चालतो हे खरं असलं तरी ते कागदावर आणू नका.

संथपणाचं आधी सांगतो, कारण बहुतेक जण तिथंच अडकतात. 'स्लो चालतो' असं लिहून दिलं की दुकानदार लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला पाठवतो. तिथं डायग्नॉस्टिक चालवतात, सगळ्या चाचण्या पास होतात आणि जॉबशीटवर, म्हणजे सेंटरच्या नोंदीच्या कागदावर, 'नो फॉल्ट फाउंड' असा शेरा पडतो. हाच शेरा पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जातो. तो खोटाही नसतो, कारण लॅपटॉप बिघडलेला नाहीच. तुम्हाला सांगितला होता तो हा लॅपटॉप नाही, ही तुमची तक्रार आहे आणि तेवढीच ठेवायची आहे.

कायदा या बाबतीत तुमच्या बाजूनं स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) प्रमाणे वस्तू मोडकी निघाली तरच दोष, असं नाही. व्यापाऱ्यानं कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याच्या मानानं दर्जात किंवा प्रमाणात जी उणीव निघेल, तीही दोषच. पोस्टर, व्हॉट्सअॅपचा संदेश, दुकानात लॅपटॉपसमोर ठेवलेलं कार्ड, सगळं त्यात येतं. वस्तू अमुक दर्जाची, अमुक मॉडेलची आहे असं खोटं सांगणं कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरतं. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम १५ ही तेच म्हणतं: वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे.

आता प्रोसेसर. दुकानदाराचं 'ट्वेल्थ जेन ही तो है' ऐकायला पटतं, कारण दोन्ही चिप खरोखरच बाराव्या पिढीच्या आय५ आहेत. दोन्हींचे थ्रेड १२, कॅश १२ एमबी, कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. वर १२३५यू मध्ये कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, १० आणि १२४५०एच मध्ये ८, म्हणजे तुम्हाला दिलेली चिप कागदावर सरसच वाटते. फरक कोअरच्या जातीत आहे. १२४५०एच मध्ये ताकदीचे कोअर ४ आणि काटकसरीचे ४. १२३५यू मध्ये ताकदीचे २ आणि काटकसरीचे ८. पायाभूत वीजमर्यादा पहिल्याची ४५ वॅट, दुसऱ्याची १५. ईमेल आणि ब्राउझरमध्ये हा फरक जाणवणार नाही. आर्किटेक्चरच्या मुलीला रेंडर (थ्रीडी आराखड्याचं चित्र तयार करायचं काम) लावून अर्धा-पाऊण तास पूर्ण भार द्यावा लागतो, तेव्हा १५ वॅटची चिप सुरुवातीला थोडा वेळ वेग पकडते आणि मग खाली येते. हे समजून घ्या, पण तक्रारीत यातलं फार लिहू नका. 'पोस्टरवर १२४५०एच, प्रत्यक्षात १२३५यू' हे एक वाक्य पुरे. शिवाय या चिप मदरबोर्डवर कायमच्या बसवलेल्या असतात, बदलता येत नाहीत. म्हणून दुरुस्ती हा पर्याय इथं नाही. बदली लॅपटॉप किंवा पैसे परत, दोनच मागण्या.

रॅमसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की उजवीकडे वर एकूण रॅम दिसते आणि खाली वेग आणि किती स्लॉट भरलेत ते. या पडद्याचा फोटो घ्या. पुढे खोक्यावरचं कंपनीचं लेबल वाचा, कारण प्रकरण कुठं वळणार ते त्यावर ठरतं. लेबलवरच १२३५यू आणि ८ जीबी छापलं असेल, तर कंपनीनं बरोबर माल दिला आणि दुकानदारानं खोटं पोस्टर लावलं. मग तक्रार दुकानदाराविरुद्ध, कंपनीला त्यात ओढू नका. लेबलवर १६ जीबी असून आत ८ च निघाली, तर स्टिक काढून घेतल्याचा संशय येतो. तो फसवणुकीचा भाग झाला, तिथं पोलीस ठाण्यात लेखी अर्जही देता येतो. पहिल्या प्रकारात मात्र पोलिसांची धमकी देऊ नका. तिचा उपयोग शून्य आणि तुमचं पत्र हलकं पडतं.

दुकानदार स्टिक लावून देतो म्हणतो, ती लावून घेऊ नका. प्रोसेसरचा प्रश्न तसाच राहतो आणि 'ग्राहकाचं समाधान केलं' असं सांगायला त्याला जागा मिळते. बाहेरच्या स्टिकची वॉरंटी कोण देणार आणि लॅपटॉप उघडल्याची नोंद कुठं होणार, हेही त्यानं सांगितलेलं नाही.

डिस्कचं सोडून द्या असं म्हटलं त्याचं कारण साधं आहे. कंपनी ५१२ जीबी म्हणजे ५१२ अब्ज बाइट मोजते; विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, आणि ५१२ अब्जाला १०२४ नं तीनदा भागलं की ४७६.८ येतात. यात कुणी काही काढून घेतलेलं नाही. १६ जीबी रॅम असलेल्या मशिनवर 'यूजेबल' खाली १५ जीबीच्या आसपासचा आकडा दिसतो तोही तसाच रास्त असतो, कारण थोडी मेमरी आतल्या ग्राफिक्ससाठी राखलेली असते. असा एक फोल मुद्दा तक्रारीत राहिला की समोरचा वकील त्यावरच बोलत राहतो.

पुरावा आज आणि उद्या गोळा करा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, चौकटीत इंग्रजीत एमएसइन्फो आणि लागून ३२ टाइप करा. जो पडदा येतो त्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव, मॉडेल आणि बसवलेली रॅम एकत्र दिसतात. त्याचा व्हिडिओ मोबाइलनं असा घ्या की लॅपटॉपखालचा सिरियल नंबरही त्याच सलग व्हिडिओत येईल. नुसता स्क्रीनशॉट कुठल्याही मशिनचा असू शकतो, ही हरकत मग राहत नाही. बिलावरचा, खोक्यावरचा आणि लॅपटॉपखालचा सिरियल नंबर एकच आहे ना, तेही तपासा. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन जॉबशीटवर मॉडेल, सिरियल, प्रोसेसर आणि रॅम एवढंच लिहून मागा. 'कॉन्फिगरेशन व्हेरिफिकेशन' हवंय असं सांगा, बिघाडाची तक्रार नोंदवू नका.

पोस्टर जपणं सर्वांत महत्त्वाचं, कारण बिलावर नुसतं 'लॅपटॉप आय५' आहे. ते चॅट पुसू नका, त्यात 'डिसअपिअरिंग मेसेजेस' सुरू असेल तर आधी बंद करा. दुकानदाराचा नंबर, तारीख आणि पोस्टर एकाच पडद्यावर दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, एक्स्पोर्ट चॅट करून फाइल ईमेलवर ठेवा, आणि फोन बदलायचा विचार असेल तर सध्या थांबा. तेच पोस्टर दुकानाच्या इन्स्टाग्राम पानावर असेल तर खात्याच्या नावापासून पोस्टपर्यंत स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा. तक्रार कळली की पोस्ट उडते. पुढे प्रकरण ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहक न्यायालयात, गेलं तर तिथलं काम संक्षिप्त पद्धतीनं चालतं, पुराव्याचे नियम तिथं कोर्टाइतके कडक नाहीत. तरी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (चॅट, फोटो अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडलेलं बरं, म्हणजे हरकतीला जागाच राहत नाही.

मग दुकानदाराला चॅटवर हिंदीत एकच प्रश्न विचारा: "भैया, आपके पोस्टर में आय५-१२४५०एच और १६ जीबी लिखा था, मुझे १२३५यू और ८ जीबी मिला है, इसका क्या करेंगे?" रागाचं काही लिहू नका. त्यानं 'स्टिक लगा देता हूँ' असं उत्तर दिलं की ८ जीबीच दिल्याची कबुली त्याच्याच शब्दांत मिळाली.

सील आणि 'वापस नहीं होगा' या दोन्ही गोष्टींना घाबरू नका. सील उघडल्याशिवाय आत कोणता प्रोसेसर आहे हे कळणारच नव्हतं. आणि दोष असलेली वस्तू परत घेऊन पैसे द्यायला बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं हीच कलम २(४७) प्रमाणे अनुचित प्रथा आहे. छापलेली ओळ कायद्यावर मात करत नाही. तुमच्याकडे आठ दिवस उरलेत, म्हणून पुढचं काम उद्यावर टाकू नका.

वस्तू नाकारत असल्याचं लेखी कळवा. वस्तू विक्री कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे माल न बोलता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं धरलं जातं. कलम ४३ प्रमाणे नाकारल्याचं कळवणं पुरेसं असतं, माल दुकानात नेऊन टाकण्याची सक्ती तुमच्यावर नसते. म्हणून लॅपटॉप 'देख के देते हैं' म्हणून दुकानात सोडू नका, आणि सोडावाच लागला तर सिरियल नंबर, तारीख आणि कारण लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय नको. विंडोज नव्यानं टाकू नका. मुलीचं काम त्यावर आत्तापुरतं थांबवता आलं तर उत्तम.

पत्र एका पानाचं, हिंदीत. त्यात बिलाचा नंबर आणि तारीख, सिरियल नंबर, पोस्टरवरचा दावा, हातात आलेली वस्तू, आणि मागणी: पोस्टरप्रमाणे सीलबंद लॅपटॉप किंवा पूर्ण ६२,००० रुपये, ७ दिवसांत. सातच दिवस अशासाठी की त्याचा नकार किंवा मौन तीस दिवसांच्या आत नोंदलं जाईल. आधी व्हॉट्सअॅप आणि ईमेलवर पाठवा, त्याच दिवशी स्पीड पोस्टनं, आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवा. पाटीवरचं नाव आणि मालकाचं कायदेशीर नाव बरेचदा वेगळं असतं. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की खरं नाव आणि नोंदलेला पत्ता मिळतो. पत्रावर आणि पुढे तक्रारीत तेच घाला. नावाच्या चुकीमुळे नोटीस परत येते आणि तारखा वाया जातात.

आता जीएसटीचं बिल. तुमच्या प्रकरणातली कच्ची जागा खरं तर ही आहे. व्यावसायिक कारणासाठी वस्तू घेणारा या कायद्यात ग्राहक धरला जात नाही, आणि बिलावर फर्मचं नाव दिसलं की समोरचा वकील पहिली हरकत तीच घेईल. पण बिल कुणाच्या नावावर आहे यापेक्षा वस्तू मुख्यतः कशासाठी घेतली हे बघायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात परिचारिकांच्या राहण्यासाठी घर घेणाऱ्या ट्रस्टला ग्राहक मानलं, ते याच कसोटीवर. तुमच्यासाठी आणखी एक आधार आहे: खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणारी व्यक्तीही व्याख्येनं ग्राहकच असते. म्हणून यजमानांची एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर तक्रार त्यांच्या नावानं करा आणि मुलीचं नाव वापरणारी म्हणून सोबत घाला. मुलीचं कॉलेजचं ओळखपत्र, लॅपटॉपवर तिच्या नावाचं खातं आणि हप्ते घरच्या कार्डावर असल्याचं स्टेटमेंट जोडा. या बिलावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल तर सीएला सांगून लगेच उलटवा. धंद्यासाठी न घेतलेल्या वस्तूवर ते मिळतही नाही, आणि क्रेडिट घेऊन 'घरच्यासाठी घेतला' असं शपथपत्रावर लिहिणं तुमच्या अंगाशी येईल. दुकानदार बिल बदलून देतो म्हणाला तरी मूळ बिल त्याच्या हातात देऊ नका.

सात दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथं मराठीतही बोलता येतं. मिळालेला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, जपून ठेवा. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, मध्यस्थी करते. पण बरेच दुकानदार या टप्प्यावर बोलणी करतात. त्यासाठी थोडे दिवस द्या, महिने घालवू नका.

पुढचा टप्पा इंदूरचा जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं तिथं चालतात, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क काहीच नाही. ही रक्कम तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तक्रार ग्राहक आयोगांच्या 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही. तक्रार हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. तुमचे आपसातले मराठी संदेश पुराव्यात असतील तर त्यांचा हिंदी अनुवाद सोबत लावा. घटनांची तारीखवार यादी, शपथपत्र, बिल, पोस्टर, चॅट, फोटो, जॉबशीट, पत्र आणि पोस्टाची नोंद, अशा क्रमानं लावून प्रत्येक पानाला आकडा द्या. मागणीत पैसे व्याजासह परत, त्रासाबद्दल वाजवी भरपाई आणि खर्च, एवढंच ठेवा. ६२,००० च्या लॅपटॉपसाठी पाच लाख मागितले की आयोग बाकीची तक्रारही साशंकतेनं वाचतो.

दाखल करून घेतल्यावर दुकानदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर १५ वाढवून. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, प्रयोगशाळेत चाचणी लागली तर पाच. प्रत्यक्षात याहून वेळ लागतो हे धरून चाला. तुमच्या प्रकरणात चाचणीची गरज पडू नये, म्हणूनच तो जॉबशीटचा कागद महत्त्वाचा. मधे आयोग मध्यस्थी सुचवेल. पूर्ण पैसे मिळत असतील तर जरूर बसा. निकालाविरुद्ध भोपाळच्या राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील होतं, आणि अपील करणाऱ्या दुकानदाराला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर कलम ७२ खाली अर्ज करा. त्यात किमान एक महिन्याच्या कैदेची किंवा किमान २५,००० रुपयांच्या दंडाची तरतूद आहे.

हप्ते थांबवू नका. वाद दुकानदाराशी आहे, बँकेशी नाही, आणि चुकलेला हप्ता तुमच्याच क्रेडिट स्कोअरवर बसेल. मात्र बँकेला 'वर्णनाप्रमाणे वस्तू मिळाली नाही' असं सांगून व्यवहारावर लेखी हरकत आत्ताच नोंदवा. तिची मुदत वेगळी चालते आणि उशीर झाला की बँक ऐकत नाही.

ज्यांनी असा लॅपटॉप ऑनलाइन घेतलाय त्यांच्यासाठी थोडक्यात: ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. विक्रेता कुठल्याही शहरातला असो, इंदुरात राहणाऱ्यानं तक्रार इंदुरातच करावी.

पैसे परत द्यायला दुकानदार तयार झाला तर रक्कम आधी खात्यात जमा होऊ द्या, लॅपटॉप मग द्या. मुलीच्या फायली काढून घ्या, मायक्रोसॉफ्ट खात्यातून ते उपकरण काढा आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) बंद करून मशीन रीसेट करा. हे रीसेट फक्त तेव्हाच, त्याआधी नाही. आणि देताना 'सिरियल नंबर अमुक, ६२,००० रुपये परत मिळून लॅपटॉप परत दिला' अशा कागदाच्या दोन प्रतींवर दोघांच्या सह्या घ्या.